इंग्रजीच्या पेपरातील उतारा : नंदनवनच्या वर्गात नेमके काय चालते



आपल्या त्रैमासिकाच्या कार्यवृत्तात दर वेळी एक ओळ छापून येते : ‘नंदनवन येथे आदिवासी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी सराव वर्ग.’ उपासनेनंतर चहा घेताना मंडळीतील कोणी ना कोणी विचारतेच, “इंग्रजी तर शाळेत शिकवतात. मग तुम्ही वेगळे काय करता?” प्रश्न रास्त आहे. खोलीचे भाडे, वह्या आणि वीजबिल आपल्या दानातून जाते, तेव्हा त्या एका ओळीमागे काय घडते हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे. शिवाय आपल्यापैकी काही जण पुढे येऊन हात देऊ शकतील, त्यांनाही काम काय आहे ते आधी कळलेले बरे.

पहिल्यांदा मुले कोण ते सांगते. नंदनवन हा पूर्व नागपुरातील भाग. मोठ्या रस्त्यावर महाविद्यालये, दवाखाने, मंगल कार्यालये आहेत आणि मागच्या गल्ल्यांत कमी भाड्याच्या खोल्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या भागांतून सेंट्रिंगच्या, गिट्टी-रेतीच्या, घरकामाच्या कामासाठी आलेली कुटुंबे अशा खोल्यांत राहतात. काही मुले आईवडिलांबरोबर आहेत, काही आश्रमशाळा सोडून काका-मामाकडे शिकायला आली आहेत. घरात आजी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलते. आईवडील मुलांशी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी चालते आणि मग शाळेत इंग्रजी. शालान्त परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजी ‘तृतीय भाषा’ असते. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांची ती चौथी आहे, पण वेळापत्रकात चौथ्या भाषेला रकाना नाही.

2000-01 या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाच्या पाठीशी कागदोपत्री दहा वर्षांचे इंग्रजी असते. दहावीचा विषय 100 गुणांचा : 80 लेखी आणि 20 तोंडी-श्रवण. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. आता लेखी 80 गुणांची फोड पाहा, कारण आमच्या कामाची दिशा तिच्यावरून ठरली. भाषेच्या छोट्या कृतींना 10, पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांना 20, कवितेला 10, पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला सारांशासह 15, पत्र, संवाद, बातमी अशा लेखनाला 20 आणि भाषांतराला 5. दोन उतारे आणि तिसरा अनोळखी उतारा मिळून 35 गुण होतात. त्यांतील सारांशाचे 5 सोडले, तर बाकीचे सगळे समोरचा मजकूर वाचून लिहायचे आहेत. उतारा समोर छापलेला, पाठ काही करायचे नाही, उत्तरे बहुतेक त्यातच दडलेली. आणि मुले नेमकी तिथेच अडतात. घरी रात्र रात्र जागून पाठ होते ते मात्र पत्राचा मायना आणि गाईडमधील निबंध.

एकट्या इंग्रजीत गेले तर काय होते? नियमाप्रमाणे एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षाही असते. कागदावर दार बंद होत नाही. प्रत्यक्षात मुलगी नापास झाली हे घरी कळल्यावर पुढचे सहा महिने कोणी थांबत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडची कुटुंबे हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. आमच्याकडे येणारी एक मुलगी बाकी सगळ्या विषयांत पास होती, गणितातसुद्धा. इंग्रजीत 27 गुण. ती मिरचीला गेली आणि पुरवणीचा अर्ज भरायची तारीख तिकडेच निघून गेली. आठ गुणांचा हा हिशेब आहे. अनोळखी उताऱ्याच्या चार कृती नीट लिहिल्या असत्या तर तेवढे गुण भरले असते. पुढच्या वर्षी ती परत आली, ही देवाची कृपा. सगळ्या परत येत नाहीत.

या मुलांना वाचता येत नाही असे मात्र समजू नका. बहुतेकांना मोठ्याने वाचता येते, काहींना तर फार छान. आश्रमशाळेत सुरात वाचायची सवय लागलेली असते. उतारा संपेपर्यंत एकही शब्द अडत नाही, आणि मग विचारावे, “काय सांगितलेय यात?” तर शांतता. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी राणीचा खजिनदार आपल्याला ठाऊक आहे. रथात बसून तो यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्प धावत जवळ गेला आणि वाचलेले समजते का, एवढेच त्याने आधी विचारले. मला या प्रसंगात नेहमी वाटते की फिलिप्पाने उच्चार तपासले नाहीत. खजिनदाराने न लाजता सांगितले की कोणी उलगडून दाखवल्याशिवाय कसे समजणार. आमच्या मुलांना हे वाक्य बोलायला दोन-तीन महिने लागतात. ‘समजले नाही’ म्हणणे म्हणजे मार किंवा हसे, असे त्यांच्या मनात बसलेले असते.

‘असर’ या सर्वेक्षणाची पद्धत मला म्हणूनच पटते. त्यात इंग्रजी वाक्य वाचू शकणाऱ्या मुलाला पुढे त्याचा अर्थही विचारतात. वाचणे आणि समजणे अशी दोन वेगळी मोजमापे आहेत.

आता व्याकरण. मुलांच्या चुका आम्ही एका वहीत उतरवून ठेवतो. काही महिन्यांनी ती वही वाचताना दिसते की चुका वाटेल तशा होत नाहीत. प्रत्येक चुकीच्या मागे मराठी किंवा गोंडी उभी असते. मूल आळशी नाही, ते आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असते.

सर्वांत वारंवार येणारी चूक : ‘ही डिड नॉट वेंट.’ शिक्षक शंभरदा लाल करतात, मूल शंभरदा लिहिते. का? मराठीत आपण म्हणतो ‘तो गेला नाही.’ नकार आला तरी ‘गेला’ भूतकाळातच राहतो. मूल हेच करते, ‘गेला’ला ‘वेंट’ ठेवते आणि शाळेत शिकलेले ‘डिड नॉट’ पुढे जोडते. आम्ही सांगतो की वाक्यात भूतकाळाची घागर एकच असते. ‘डिड’ने ती डोक्यावर घेतली की मागच्याने रिकाम्या डोक्याने चालायचे, म्हणून ‘गो’. हीच घागर वर्तमानकाळातही चालते. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’ ही घागर आहे. ‘डझ’ आला की ती त्याच्याकडे गेली, म्हणून ‘ही डझ नॉट गो’. नियमाचे इंग्रजी नाव आम्ही नंतर सांगतो. आधी दोन मुलींना उभे करून खरोखर एक घागर या डोक्यावरून त्या डोक्यावर दिली जाते, आणि वर्गात हसू फुटते.

दुसरी अडचण माझ्या मते अधिक खोल आहे आणि तिच्यात दोष मुलाचा मुळीच नाही. मराठीच्या तासाला मुले शिकतात की ‘सीताने पत्र लिहिले’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पत्राप्रमाणे बदलले. इंग्रजीच्या तासाला सांगतात की पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी. मग पेपरात ‘सीता रोट अ लेटर’ येते आणि त्याचा व्हॉइस बदला म्हणतात. मूल मनात भाषांतर करते, सीताने पत्र लिहिले, म्हणजे हे तर आधीच कर्मणी आहे. आता बदलायचे काय? दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर आणि मूल मधे फसलेले. त्यात ‘ने’ म्हणजे ‘बाय’ असे कोणी सांगितले असेल तर ‘बाय सीता लेटर रोट’ असे काहीतरी तयार होते. म्हणून आम्ही या धड्यापुरते मराठीचे प्रयोग बाजूला ठेवायला सांगतो. इंग्रजी वाक्याकडे पाहा. ‘इज, वॉज, आर, वेअर’ यांच्यापैकी कोणी आणि त्याच्यामागे क्रियापदाचे तिसरे रूप अशी जोडी दिसली तर पॅसिव्ह, नाही दिसली तर ॲक्टिव्ह. ‘रोट’ एकटाच आहे, सोबत ‘वॉज’ नाही, म्हणजे ॲक्टिव्ह. गोंडी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट तर आणखी गमतीची. गोंडी द्राविडी कुळातली, तिच्यात क्रियापद कर्त्याच्याच मागे जाते. मराठीतला हा ‘ने’ आणि कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद त्याने मोठ्या कष्टाने आत्मसात केलेले असते. इंग्रजीत पुन्हा कर्त्याप्रमाणे चालायचे म्हटल्यावर त्याला हायसे वाटायला हवे, पण इंग्रजी त्याला मराठीतून शिकवली जाते, त्यामुळे तो आडवळणानेच येतो.

‘ही, शी, इट’चेही तसेच. मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते, म्हणून मराठी मूल खुर्चीला ‘शी’ म्हणते. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि स्त्री, गाय, दगड हे सगळे क्रियापदाच्या दुसऱ्या एकाच रूपात. एका मुलाने बहिणीबद्दल लिहिले होते, ‘इट इज टॉल’. शाळेत त्या वाक्यावर सगळा वर्ग हसला, असे त्याने सांगितले. हसणाऱ्यांना कारण ठाऊक असते तर ते हसले नसते. त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले की तुझ्या भाषेची वाटणी वेगळी आहे आणि इंग्रजीची वेगळी. इंग्रजीत बहीण दगडाच्या ओळीतून उठून स्वतंत्र बसते.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत मात्र आपली देवनागरी लिपी फार कामाला येते. पुस्तकात लिहिलेले असते की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ‘ॲन’. मग मूल ‘ॲन युनिफॉर्म’ लिहिते आणि ‘अ अवर’. आम्ही म्हणतो, शब्द देवनागरीत लिहा आणि पहिले अक्षर बघा. ‘युनिफॉर्म’, पहिला य, व्यंजन, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘अवर’, पहिला अ, स्वर, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’, स्वर. ‘वन-रुपी कॉइन’, व, व्यंजन. ‘एम.एल.ए.’, पहिला ए, स्वर, म्हणून ‘ॲन एम.एल.ए.’. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला स्पेलिंग डोळ्यांसमोर असल्यामुळे गोंधळ होतो. आमची मुले आवाज लिहितात, म्हणून चुकत नाहीत. इंग्रजीच्या वर्गात आपली लिपी वरचढ ठरते हे पाहून त्यांच्या तोंडावर जो आनंद येतो तो आपण एकदा येऊन पाहावा. ‘द’ कुठे घालायचा याचे नियम मात्र लांबलचक आहेत. आम्ही एकच धरतो : गोष्टीत आधी ‘एक राजा होता’ येते, मग ‘तो राजा’. एकच्या जागी ‘अ’, तोच्या जागी ‘द’. एवढ्यावर पुष्कळ निभावते.

शब्दांचे साचे, विरामचिन्हे, शब्दसाखळी या 10 गुणांच्या कृतींवर आम्ही फार वेळ घालवत नाही. जुन्या कृतिपत्रिका सोडवल्या की त्या जमतात.

खरा वेळ जातो उताऱ्यावर. सुरुवातीचे उतारे आम्ही स्वतः तयार करतो, मुलांना ठाऊक असलेल्या विषयांवर. मोहावरच्या एका उताऱ्यातील हे वाक्य पाहा. ‘द विमेन कलेक्ट द फ्लॉवर्स बिफोर सनराइज, बिकॉज द काउज ईट देम इफ दे लाय ऑन द ग्राउंड टू लाँग.’ शब्द सोपे आहेत. प्रश्न असा, यातील ‘दे’ म्हणजे कोण? एका मुलाने लिहिले, बाया, कारण वाक्य बायांपासून सुरू होते. चौघांनी लिहिले, गाई, कारण ‘दे’च्या सर्वांत जवळचे अनेकवचन तेच. एकाने ‘लाय’चा अर्थ ‘खोटे बोलणे’ असा पाठ केलेला. त्याच्या हिशेबाने गाई जमिनीवर बसून फार वेळ खोटे बोलत होत्या. तेव्हा कोरचीकडची एक मुलगी म्हणाली, “ताई, फुलं पडून राहिली तं गाई खाऊन टाकतेत. म्हणून तं आजी अंधारातच टोपली घेऊन निघते.” तिचे व्याकरण वर्गात सर्वांत कच्चे होते. पण मोह पहाटे गळतो आणि उशीर केला तर जनावरे फस्त करतात हे तिने पाहिलेले. ‘दे’ म्हणजे फुले, आणि ‘लाय’ म्हणजे पडून राहणे, हे दोन्ही तिने त्या आठवणीतून काढले.

आकलन म्हणतात ते हेच. कागदावरचे शब्द आणि डोक्यातले जग एकमेकांना भेटले पाहिजे. बोर्डाच्या उताऱ्यात मोह क्वचितच येईल. तिथे अंतराळवीर येतात, समुद्र येतो, कुठल्या तरी शास्त्रज्ञाचे बालपण येते. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याच्यासाठी तो उतारा दुप्पट कठीण. म्हणून आम्ही चढण हळूहळू चढवतो. आधी मोह, तेंदूपाने, बाजार. मग एसटीच्या तिकिटावरच्या सूचना, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, मेट्रोच्या डब्यातल्या पाट्या. मग जुन्या कृतिपत्रिकांतले उतारे. आणि मधूनमधून एखादा लघुपट दाखवतो, व्हेल मासा, ध्रुवावरचा बर्फ, फक्त पाहण्यासाठी. पाहुण्यांना वाटते की आम्ही वेळ वाया घालवतो. तसे नाही, तोही इंग्रजीचाच अभ्यास आहे.

पद्धत साधी आहे. पहिल्या वाचनाला पेन खाली ठेवायचे आणि मनात वाचायचे. मग शेजाऱ्याला मराठीत, हिंदीत किंवा गोंडीत सांगायचे की यात कोण आहे आणि काय घडले. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘ही, शी, इट, दे, धिस’पासून तो ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत बाण काढायचा. पान बाणांनी भरून जाते, जाऊ द्या. ‘बट, ऑल्दो, बिकॉज, सो’ यांना गोल करायचा, कारण वाक्य तिथे वळण घेते. न कळलेल्या शब्दावर थांबायचे नाही. तीनपेक्षा जास्त शब्दांचा अर्थ विचारायचा नाही असा आमचा नियम आहे. त्यामुळे मूल ठरवू लागते की कोणत्या शब्दावाचून अडते आणि कोणत्यावाचून नाही. मग प्रश्न वाचायचे, आणि उत्तर ज्या वाक्यात सापडेल त्याच्या शेजारी प्रश्नाचा आकडा टाकायचा.

चूक की बरोबर ओळखा या कृतीत फसवणारे शब्द छोटे असतात. उताऱ्यात ‘मोस्ट फॅमिलीज’ असते, विधानात ‘ऑल फॅमिलीज’. बाकी सगळे शब्द जुळतात म्हणून मूल ‘ट्रू’ लिहून मोकळे होते. ‘ऑल, ओन्ली, ऑलवेज, नेव्हर’ हे चार शब्द भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहेत, खाली कोणीतरी खडूने पोलिसाची टोपी काढली आहे.

प्रत्येक उताऱ्याची शेवटची कृती वैयक्तिक प्रतिसादाची असते, दोन गुणांची. तुला काय वाटते, तू काय करशील. ही जागा आमच्या मुलांच्या पेपरात सर्वांत जास्त वेळा कोरी राहते. दहा वर्षे ज्याला कोणी ‘तुला काय वाटते’ असे विचारले नाही, त्याला ते एकदम इंग्रजीत विचारल्यावर तो काय लिहिणार? एकदा उतारा पाणी वाचवण्यावर होता. तू पाणी कसे वाचवशील? गाईडमधील उत्तर ठरलेले : दात घासताना नळ बंद करीन. एक मुलगा बराच वेळ पेन चावत बसला आणि म्हणाला, “ताई, आमच्या खोलीत नळच नाही. मग मी काय बंद करू?” त्याला म्हटले, हेच लिही. त्याने लिहिले, ‘वी हॅव नो टॅप. माय मदर कॅरीज टू पॉट्स. वी वॉश क्लोद्स अँड यूज दॅट वॉटर फॉर द फ्लोअर.’ तीन वाक्ये, चूक एकही नाही. सराव परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी दोनपैकी दोन दिले आणि वहीच्या कडेला स्वतःची सही केली. गाईडमधले वाक्य लिहिले असते तरी कदाचित दोन मिळाले असते. पण गाईडमधले वाक्य पुढच्या पेपरात उपयोगी पडत नाही, आणि नळ नसलेल्या मुलाने नळ बंद करायचे वचन लिहून द्यावे हे मला रुचत नाही. ‘आय थिंक’ आणि ‘बिकॉज’ एवढे दोन खांब आम्ही देतो, मधले छप्पर मुलाने घालायचे.

सारांशाचे 5 गुण सोडू नयेत. उताऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश लांबी, स्वतःच्या शब्दांत, उदाहरणे गाळून. शेजाऱ्याला गोष्ट सांगायची सवय लागलेल्या मुलाला हे जड जात नाही.

वर्गात गोंडी बोलू देता, मग इंग्रजी कसे येणार, असे काही जण विचारतात. समजले की नाही हे तपासायचे असेल तर मुलाला सर्वांत जवळच्या भाषेत बोलू द्यावे लागते. आपल्याच नागपूरचे उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो, त्यामुळे इंग्रजी शिक्षणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पण याच माणसाने गोंड लोकांमध्ये फिरून त्यांचे शब्द आणि लिंगोची गाणी उतरवून घेतली. 1863 मध्ये ते नागपूरजवळ बुडून वारले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. आदिवासी भाषा ऐकून घेणे हे इंग्रजी शिकवणाऱ्याचे काम नाही, असे त्यांना वाटले नव्हते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचा साध्या बायाबापड्यांना कळेल असा मराठी अनुवाद केला, तोही याच जाणिवेतून.

पवित्र शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. दोन-तीन देणगीदारांनी प्रेमाने सुचवले की सरावासाठी इंग्रजी बायबलमधले उतारे द्यावेत, म्हणजे दोन्ही कामे होतील. मी नम्रपणे नाही म्हटले आहे. भाषेचे कारण आहेच : जुन्या इंग्रजी भाषांतरातील क्रियापदांची रूपे आज कोणी लिहीत नाही, मूल ती पेपरात लिहून गुण घालवेल. पण खरे कारण वेगळे आहे. या मुलांच्या आईवडिलांनी, त्यांतले पुष्कळ जण फडापेनला मानणारे आहेत, मूल आमच्याकडे दहावीसाठी सोपवले आहे. ज्यासाठी सोपवले तेच आम्ही करतो. कोणी विचारले की तुम्ही फी का घेत नाही, तर मी येशू ख्रिस्ताचे नाव लपवत नाही. पण उताऱ्याच्या आडून काही करायचे नाही, हे मी पहिल्याच पालकसभेत सांगितले आहे आणि आपल्या कार्यकारिणीलाही ते मान्य आहे. आपणही या वर्गासाठी प्रार्थना करताना मुलांच्या पेपरासाठी आणि प्रकृतीसाठी करावी, ही विनंती.

आता हातांची गरज. दिवाळीनंतर दहावीचा वर्ग आठवड्यातून चार संध्याकाळी भरतो, साडेपाच ते सात. दर दोन मुलांमागे एक ऐकणारा मोठा माणूस हवा. उत्तम इंग्रजी येण्याची अट नाही. मूल वाचेल, मग आपल्याला त्याची गोष्ट मराठीत सांगेल, आणि आपण “मग? हा कोण?” एवढे विचारायचे. मधेच उच्चार सुधारायचा नाही. वाक्य पुरे होईपर्यंत थांबायचे, हे शिक्षकी पेशातल्या मंडळींना सर्वांत कठीण जाते असा माझा अनुभव आहे. सेवानिवृत्त बंधू-भगिनींनी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण संघाच्या सभासदांनी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.

वस्तू पाठवणाऱ्यांसाठी : इंग्रजी-मराठी शब्दकोश हवेत, जुने चालतील. बोर्डाच्या मागील वर्षांच्या कृतिपत्रिका हव्यात, सोडवलेल्या असल्या तर उत्तरे खोडून पाठवा. पेन्सिली आणि खोडरबर लागतच राहतात, बाणांमुळे. कॉन्व्हेंट शाळांची जुनी पाठ्यपुस्तके आणि गाईड कृपया पाठवू नयेत, ठेवायला जागा नाही. आणि खोलीतील दोन ट्यूबलाइटपैकी एक गेल्या महिन्यापासून लुकलुकते आहे. बदलून देणारे कोणी असेल तर वर्गाच्या आधी, पाच वाजता यावे.